पाण्याचा अंदाज

शेततळ्यात बुडून दोन भावंडे गेली, ही बातमी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांना आता नवी राहिलेली नाही. जळगाव-धुळ्याकडे तर उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिची धास्तीच असते. बातमी वाचणारा हळहळतो आणि म्हणतो, पोरांना धोक्याची अक्कल कुठे असते! तोच माणूस दुसऱ्या वाक्यात सांगतो की आमच्या वेळी आम्ही दिवसभर विहिरीत उड्या मारत होतो, आम्हाला काही झाले नाही. ही दोन वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत. पोरांना अक्कल नसेल तर ती तेव्हाही नव्हती, आणि तेव्हा असेल तर ती आजच्या पोरांत कुठे गेली हे सांगायला हवे. खेळताना इजा होण्याचा धोका मुलांना जोखता येतो, पण ज्या धोक्याशी त्यांची पायरीपायरीने ओळख झालेली असते तोच. अनोळखी धोक्यापुढे ती ओळख फारशी उपयोगी पडत नाही. खानदेशाच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात हे जितके स्वच्छ दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल, कारण इथे एकाच पिढीच्या आयुष्यात पाण्याचे रूप पार बदलून गेले.

आधी जुने पाणी पाहू. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, पण नद्यांना ही वाटणी ठाऊक नव्हती. तापी खोल दरडींमधून वाहणारी, तिच्याजवळ लहान पोरांनी जाऊच नये अशी. गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर या मात्र आठ महिने माणसाळलेल्या नद्या. पावसाळ्यात याही उग्र होत. १८७२ च्या पांझरेच्या पुराने धुळे शहराची दैना केली, हे विसरून चालणार नाही. पण दिवाळीनंतर त्या निवळत, वाळूतून धारा वाहत आणि जागोजागी डोह उरत. पांझरेच्या खोऱ्यात काही शतकांपासून फड पद्धत होती. नदीवर ठरावीक अंतराने दगडी बंधारे, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि त्यावर भिजणारे फड. पाण्यावर पाटकरी, जागल्या आणि हवालदार अशी माणसे नेमलेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सिंचनाची व्यवस्था होती. पोराच्या दृष्टीने हीच पाण्याची शाळा होती, कारण तिच्यात पाणी सगळ्या मापांचे मिळे: चारीत घोट्याएवढे, पाटात गुडघ्याएवढे, बंधाऱ्याच्या पोटात गळ्याएवढे आणि त्याच्या पलीकडे पुरुषभर. कोणत्या वयाच्या पोराने कुठपर्यंत जायचे याचा कागद कुठे नव्हता. पण पाच वर्षांचे पोर थेट बंधाऱ्यात दिसले तर त्याला बखोटीला धरून बाहेर काढणारा कोणीतरी तिथे हमखास असे.

जिथे बारमाही धार नव्हती तिथे विहीर हीच शाळा. मोटेच्या काळातली विहीर म्हणजे सतत माणसांचा वावर असलेली जागा. सकाळपासून बैल धावेवरून खाली-वर करत, मोटकऱ्याचा आवाज चालू असे, थारोळ्यात पाणी ओतले जाई. विहीर बांधीव असली तर तिला उतरायला पायऱ्या किंवा निदान भिंतीत पुढे काढलेले दगड असत. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधत. नंतरच्या काळात पत्र्याचा बंद डबा आला, मग ट्रकची ट्यूब. पहिले काही दिवस पोर पायरीला धरून पाय मारी. मग भोपळ्यासह या काठापासून त्या काठापर्यंत. मग भोपळा सुटे. उडीचीही अशीच चढण असे: आधी पाण्यालगतच्या पायरीवरून, मग मधल्या दगडावरून, मग काठावरून, आणि सगळ्यात धीट असतील ते मोटेच्या चाकाजवळच्या लाकडावरून. सूर मारणे आणि मुटका मारणे यांतला फरक पोरांना पक्का कळे. मुटक्याला पाणी किती खोल लागते, सुरासाठी किती, विहिरीच्या कोणत्या बाजूला कपार पुढे आली आहे, हे त्या विहिरीवरच्या प्रत्येक पोराला पाठ असे. दुसऱ्या गावच्या विहिरीवर गेलेला पोहणारा मात्र आधी उडी मारत नसे. तो काठावर बसून इतरांच्या उड्या बघे, नाहीतर पायरीने उतरून तळाचा अंदाज घेई. आपले ज्ञान या विहिरीपुरते आहे आणि त्या विहिरीला चालणार नाही, हे त्याला माहीत होते. ज्याला आपण अक्कल म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

धोक्याच्या जागांवर खुणाही असत. डोहाच्या काठी किंवा विहिरीच्या कपारीत शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे साती आसरा. त्या पाण्यात ओढतात, अमावास्येला तिथे जाऊ नये, एकट्याने तर मुळीच जाऊ नये, ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि खानदेशातही आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि तिच्यापायी बुडालेल्याला वाचवायला न धावलेले लोकही असतील. तरी एक गोष्ट उरते. जिथे भोवरा आहे, जिथे तळ एकदम खचतो, अशा डोहाला बऱ्याचदा अशी आख्यायिका चिकटलेली असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाने लावलेला तो धोक्याचा फलक होता, आणि पोरे तो वाचत.

आता हा अंदाज मुलाच्या डोक्यात नेमका कसा तयार होतो, याचा शोध मानसशास्त्राने बराच घेतला आहे. अमेरिकेत कॅरन अ‍ॅडॉल्फ या संशोधिकेने रांगणाऱ्या बाळांना उतरत्या फळीच्या तोंडाशी ठेवून पाहिले. काही आठवडे रांगण्याचा सराव झालेली बाळे फार तीव्र उतार दिसला की थांबत. पण तीच बाळे उभी राहून चालू लागली की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकत आणि पडत. सांभाळणारे हात असत म्हणून निभावे. रांगताना कमावलेला उताराचा अंदाज चालण्याला आपोआप लागू झाला नाही, तो नव्याने शिकावा लागला. बाळाला उंचीची सर्वसाधारण भीती शिकवता येत नाही, त्याला आपले शरीर आणि समोरचा उतार यांचे नाते शिकावे लागते, असा याचा अर्थ. परक्या गावच्या विहिरीवर थांबणारा पोहणारा हेच करत होता. कॅनडातल्या बार्बरा मोरोंजिएलो यांच्या अभ्यासांतून दुसरी बाजू कळते: थोरल्या भावंडाने पटवले तर धाकटे आपला धोक्याचा निर्णय बदलते, जास्त धोक्याकडेही आणि कमी धोक्याकडेही. म्हणजे अंदाज एकट्या पोराचा नसतो, टोळीचा असतो. विहिरीवरच्या टोळीत सहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची पोरे एकत्र असत. आठ वर्षांच्या पोराचा मास्तर दहा वर्षांचा असे, आणि गेल्याच उन्हाळ्यात शिकल्यामुळे कुठे नाकातोंडात पाणी जाते हे त्याला ताजे आठवत असे.

झाडांचेही असेच. सूरपारंबी खेळणाऱ्या पोरांना लाकडाची जात कळे. चिंचेची फांदी वाकते पण सहसा मोडत नाही. शेवगा आणि जांभूळ मात्र दगा देतात, न करकरता काडकन तुटतात. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते, कोणाच्या तरी मोडलेल्या हातातून आले होते. आणि मुलींचे काय, हा प्रश्न इथे यायलाच हवा, कारण विहिरीवरची ही शाळा जवळजवळ पूर्णपणे मुलांची होती. मुलींच्या वाट्याला वर्षातून एकदा आखाजी येई. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येत, गौराई बसे आणि कडुनिंबाच्या उंच फांदीला दोर बांधून झोके चढत. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या आखजीवरच्या कवितेत हाच निंबावरचा झोका आहे. दोघींनी समोरासमोर उभे राहून चढवलेला झोका ही काही नाजूक गोष्ट नव्हे. दोर घासला आहे का, फांदी किती वाकते, खाली दगड आहेत का, हे सगळे त्या बघत, आणि घाबरलेल्या मुलीला चढवायचे किती आणि कधी थांबायचे हेही ठरवत. उंची आणि वेग हे दोन धोके त्यांना वर्षातून काही दिवस मोकळे होते, पाणी मात्र नव्हते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली: कपडे धुताना पाय घसरला, धाकट्या भावाला काढायला उतरली, आणि पोहता येत नसल्याने तीही गेली.

इथे जाणता वाचक एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. आम्हाला काही झाले नाही, असे सांगतात ते वाचलेले. बुडालेले सांगायला येत नाहीत. गावोगावच्या जुन्या माणसांना विचारले तर विहिरीने घेतलेल्या एखाद्या पोराचे नाव बहुतेक घराण्यांत निघते. म्हणून जुना काळ सुरक्षित होता, असा माझा दावा नाही. शिवाय त्या काळात मुलाच्या अंदाजाला फार मान होता असेही नाही. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई'मध्ये पोहण्याचे प्रकरण लिहिले आहे ते कोकणातले आहे, पण त्या काळच्या कोणत्याही गावात घडावे असे. श्याम विहिरीला घाबरून लपतो आणि आई त्याला मारून पोहायला पाठवते. श्यामचा धोक्याचा अंदाज असा होता की आपण मरणार. आईचा अंदाज असा की विहिरीवर जाणती माणसे आहेत, तो मरणार नाही. आईचा अंदाज बरोबर ठरला. मार बरोबर होता असे म्हणायचे कारण नाही. पण मुलाची चूक धाडसाच्या बाजूला होते तशी भीतीच्या बाजूलाही होते, आणि दोन्ही चुका दुरुस्त होण्याची जागा पाण्यातच असते, काठावर नसते, एवढे त्या प्रकरणातून नक्की कळते.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. अमेरिकन संशोधिका जोडी प्लमर्ट यांनी १९९५ मध्ये दाखवले की सहा आणि आठ वर्षांची मुले आपल्या हातापायांची ताकद आहे त्याहून जास्त समजतात. जिथे हात पोचत नाही तिथे पोचेल असे सांगतात. मोरोंजिएलो यांनाही आढळले की इजा झाली तर मुलगे ती नशिबावर ढकलतात, मुली आपल्या वागण्यात कारण शोधतात. मग अशा मुलांच्या अंदाजावर विसंबायचे कसे? उत्तर असे की विहिरीची रीत एकट्या मुलाच्या अंदाजावर कधीच विसंबली नाही. पोर स्वतःला जास्त समजते हे तिने धरूनच चालले होते. म्हणून तर भोपळा होता, पायरी होती, टोळी होती, वर मोटकरी होता. शिवाय त्या व्यवस्थेत चुकीची शिक्षा लहान असे. पाट गुडघ्याएवढा असेल तर फाजील आत्मविश्वासाचे फळ म्हणजे नाकात गेलेले पाणी. चूक कळे आणि पोरही उरे. धोका शिकण्यासाठी एवढीच अट असते: पहिली चूक शेवटची ठरता कामा नये.

ही अट खानदेशात कशी मोडली, तो इतिहास खरा महत्त्वाचा. मोट गेली, आधी तेलाचे इंजिन आणि मग विजेची मोटर आली. बैल गेले तसा विहिरीवरचा माणूसही गेला. मोटर घरून किंवा खांबावरच्या पेटीतून चालू होऊ लागली. विहीर निर्मनुष्य झाली आणि तिच्यात तारा उतरल्या. पाण्यात उतरलेला प्रवाह पोराला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याची पायरी नसते. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल करणे आणि पुढे बोअर मारणे यांचा सपाटा लागला. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्याची नावे सरकारी नोंदींत भूजलाच्या अतिउपशासाठी येऊ लागली. पाणी इतके खाली गेले की काठावरून उडी मारणे म्हणजे आत्महत्याच. पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या नारू या रोगाच्या निर्मूलनासाठी पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या गेल्या. ते काम योग्यच होते, २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पण पायऱ्या गेल्या त्याबरोबर पाण्यात हळूहळू उतरण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही. नद्यांचे तेच झाले. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचे हतनूर धरण १९८२ मध्ये झाले. विदर्भात किंवा मध्य प्रदेशात पाऊस पडतो, भुसावळला आभाळ कोरडे असते, आणि धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडतात. पुराचा गढूळ रंग, वाहत येणारा पालापाचोळा, दुरून येणारा आवाज या जुन्या खुणांवर भरवसा ठेवणाऱ्याला आता अधिकाऱ्यांचा निर्णय वाचता यावा लागतो. गिरणेच्या पात्रातून यंत्रांनी वाळू उपसली, त्याचे खड्डे पाण्याखाली लपले. काल गुडघाभर असलेली जागा आज दोन पुरुष खोल असते. तिथे आजोबाचा अनुभव नातवाला घातक ठरतो, कारण नदी तीच दिसते.

शेततळे हा या मालिकेतला सगळ्यात कठीण धोका, आणि तो सगळ्यात निरुपद्रवी दिसतो. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने त्यांची संख्या झपाट्याने वाढवली. त्याआधी फळबागांच्या योजनेतून अस्तराची सामूहिक शेततळी आली होती. दुष्काळी शेतकऱ्याला त्यांनी हात दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची रचना पाहा. चारी बाजूंनी तिरपा उतार, त्यावर पाचशे मायक्रॉनचे प्लास्टिक, त्यावर शेवाळ, आणि पोटात साधारण तीन मीटर पाणी. विहिरीचा काठ उभा असतो म्हणून भीती वाटते; इथला उतार घसरगुंडीसारखा दिसतो. उथळ पाणी कुठेच नाही. धरायला दगड नाही, खोबण नाही, मुळी नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा पोहत काठाला येतो आणि काठावरून पुन्हा घसरतो, दमतो आणि जातो. मुलाला वाचवायला उतरलेला बापही याच कारणाने बुडतो. या पाण्यात पोराचा अंदाज चुकतो असे म्हणण्यापेक्षा, अंदाज बांधायला लागते ते सगळे या पाण्यातून काढून टाकलेले आहे असे म्हणणे बरोबर होईल.

हीच गोष्ट कोरड्या जमिनीवर पतंगाच्या बाबतीत घडली. गुजरातच्या शेजारामुळे धुळे-नंदुरबारकडे संक्रांतीला पतंगांचा जोर असतो. सुती दोऱ्याचा मांजा पोर स्वतः घोटत असे, काचेच्या पुडीने पहिले बोट त्याचेच कापे, आणि ताण वाढला की दोरा तुटे. नायलॉनचा मांजा तुटत नाही, आणि कापला जातो तो रस्त्याने दुचाकीवरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा गळा. ज्याच्या हातात चक्री आहे त्याला इजेची जाणीव व्हायचे काही कारणच उरले नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी संक्रांत आली की पोलिसांचे छापे चालूच असतात.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण खरा दोष मोबाइलचा आणि पोरांना घरात कोंडणाऱ्या आईबापांचा आहे. मला हे कारण अपुरे वाटते. आईबाप घाबरतात कारण विहिरीत तार आहे, नदीत खड्डा आहे, तळ्याला प्लास्टिक आहे. त्यांची भीती वास्तवाला धरून आहे. फसतो तो त्यांचा उपाय. पाण्यापासून पूर्ण दूर ठेवलेले पोर बारा वर्षांचे होते, मित्रांसोबत पहिल्यांदा पाणी पाहते आणि तेही थेट तीन मीटरचे. बाळाला रांगू न देता उतारावर उभे करण्याचाच हा प्रकार. आणि जुन्या व्यवस्थेकडे परत जा, असे सांगणाऱ्यांनी तिची दारे कोणासाठी उघडी होती तेही आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, आणि तरी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. गावच्या विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या टोळीत गावातली सगळी पोरे कधीच नव्हती. अनुकरण करायचे असेल तर त्या विहिरीच्या पायऱ्यांचे करावे, तिच्या दाराचे नव्हे.

करता येण्याजोगे मोठे काम बांगलादेशाने करून दाखवले आहे. तिथे खेड्यातल्या तळ्यांतच बांबूचे कठडे बांधून, एका मापाची फळी टाकून मुलामुलींना पोहायला शिकवले गेले, आणि शिकलेल्या मुलांत बुडण्याचे प्रमाण फार खाली आले. जागतिक आरोग्य संघटनाही शालेय वयातल्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षा शिकवण्याची शिफारस करते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असलेला तरणतलाव फीच्या पावतीवर चालतो, तो वावरातल्या पोराच्या कामाचा नाही. असे शिक्षण खेड्यांत येईपर्यंत ज्यांच्या शेतात तळे आहे त्यांनी एक करावे. चारी उतारांवर गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची माळ वरून तळापर्यंत सोडून वर पक्की बांधावी, आणि काठावर हवा भरलेली एक ट्यूब ठेवावी. मग घरातल्या आणि सालदाराच्या पोरांना, मुलींसकट, तो दोर कशासाठी आहे ते एकदा स्वतः धरायला लावून दाखवावे.